सरमेचा प्रश्न

कुत्रे पाळणाऱ्यांमध्ये गेली वीस वर्षे जो वाद चालू आहे तो वरवर पाहता पट्टा, साखळी आणि बिस्किटे यांच्याविषयीचा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, हा प्रश्न कोणी विचारला तर आमचे उत्तर असे की हा वाद मुळात एका विशेषणाच्या भाषांतराचा आहे. सीझर मिलान या मेक्सिकोत जन्मलेल्या अमेरिकी श्वानशिक्षकाने मालकाची वृत्ती कशी असावी हे सांगताना दोन शब्द रूढ केले. त्यांतला पहिला देवनागरीत लिहिला तर भलताच अर्थ निघतो, म्हणून आम्ही दोहोंचे मराठीकरण करून घेतो : ‘शांत’ आणि ‘ठाम’. पहिल्यावर कोणाचे दुमत नाही. दुसऱ्यावर मात्र घरोघरी भांडणे आहेत, आणि ती होण्याचे कारण आमच्या मते मराठीच्या शब्दसंपत्तीत दडलेले आहे.

उल्हास नदीच्या काठी, औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र जेथे आहे त्या जांभूळसारख्या गावाचा विचार करावा. अंबरनाथ आणि बदलापूर ही दोन शहरे या पट्ट्यातील गावांच्या अंगावर चालून येत आहेत, आणि त्यांच्याबरोबर कुत्रा पाळण्याच्या दोन निराळ्या रीती समोरासमोर उभ्या ठाकल्या आहेत. ओट्यावर पडून राहणारा मोत्या किंवा काळ्या यांना कोणी कधी ‘बस’ म्हणून बसवलेले नसते. दिवसभर गावभर हिंडून, रात्री अंगणात भुंकून, कोणाच्या अंगावर जायचे आणि कोणाच्या नाही हे ते अनुभवाने शिकतात. शिक्षण होते, शिक्षक नसतो. याउलट इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचा ब्रूनो नावाचा लॅब्रॅडॉर ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’ ही इंग्रजी शब्दावली जाणतो. (घरातली माणसे परस्परांशी मराठीत भांडतात आणि कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात, हा आपल्या मध्यमवर्गाच्या भाषिक इतिहासातला एक स्वतंत्र अध्याय आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘पाळीव प्राणी’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना तो निराळा सांगायला नको.) मालक सकाळची लोकल पकडून जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. तोवर ब्रूनोने सोफ्याची एक कड फस्त केलेली असते. वादाला तोंड फुटते ते येथे.

मिलान यांचा ‘डॉग व्हिस्परर’ हा कार्यक्रम नॅशनल जिओग्राफिक वाहिनीवर 2004 ते 2012 या काळात चालला. त्यांचा क्रम ठरलेला : आधी व्यायाम, मग शिस्त, मग माया. त्यांचे प्रतिपादन असे की कुत्रा हा टोळीतला प्राणी आहे, टोळीला म्होरक्या लागतो, आणि मालक म्होरक्या झाला नाही तर कुत्रा होतो. पडद्यावर वीस मिनिटांत उग्र कुत्रा मवाळ झालेला दिसे. गंमत अशी की हे प्रयोग तज्ज्ञाला विचारल्याविना घरी करू नयेत, अशी सूचनाही त्याच पडद्यावर येत असे. 2006 मध्येच अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या संस्थेने या पद्धतींवर कठोर टीका करून कार्यक्रम थांबवण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही.

या पद्धतीचे समर्थक जे सांगतात ते सर्वस्वी खोटे नाही, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. मालकाचा आवाज चढलेला असेल, आज सोफ्यावर बसू दिले आणि उद्या त्याच गोष्टीसाठी हाकलले असा कारभार असेल, तर कोणताही प्राणी गोंधळेल. मालक शांत असावा आणि त्याचे वागणे सुसंगत असावे, हे शहाणपण आहे. परंतु मिलान यांच्या क्रमातला पहिला शब्द व्यायाम आहे, हे समर्थक सोयीस्करपणे विसरतात. दिवसभर दोन खोल्यांत कोंडलेल्या तरुण कुत्र्याला रोज दोन तास चालवले तर त्याचे निम्मे ‘दुर्गुण’ आपोआप गळून पडतात. मग श्रेय मात्र दिले जाते ते पट्ट्याला मारलेल्या झटक्याला. व्यायामाला वेळ लागतो, झटक्याला लागत नाही. आमच्या मते या पद्धतीच्या लोकप्रियतेचे निम्मे रहस्य इतके साधे आहे.

म्होरक्याचा सिद्धान्त आला कोठून? रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. परस्परांशी नाते नसलेले, एका कुंपणात कोंडलेले ते लांडगे सतत वर्चस्वासाठी झगडत होते. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या ग्रंथाने ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे 1986 पासून मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समेर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि 1999 मध्ये आपलेच मत फिरवले : रानातली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले, तेथे सिंहासनासाठी लढाया नसतात, असते ते पालकत्व. आपल्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी असा आग्रह त्यांनी प्रकाशकाकडे धरला. विद्वानाने स्वतःच्या गाजलेल्या ग्रंथाविरुद्ध उभे राहावे, हे दृश्य आपल्याकडे किती वेळा दिसते, याचा विचार वाचकांनीच करावा. तात्पर्य, तुरुंगातल्या कैद्यांवरून कुटुंबाचे शास्त्र रचले गेले, आणि ते शास्त्र लांडग्यांवरून कुत्र्यांना आणि कुत्र्यांवरून आपल्या दिवाणखान्याला लावले गेले.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आजही लांडगे आहेत आणि त्याच माळांवरून मेंढरे घेऊन धनगर जातात. लांडगा आणि कुत्रा या दोघांनाही पिढ्यान्‌पिढ्या जवळून ओळखणारा मराठी माणूस कोणी असेल तर तो हा. त्याच्या कुत्र्याचे मोठेपण लांडग्यासारखे असण्यात नाही, लांडग्याला अडवण्यात आहे. शहरातल्या मालकाने मात्र कुत्र्यात लांडगा पाहायचे ठरवले आहे.

आता भाषेकडे वळू. मूळ इंग्रजी शब्दात आपले म्हणणे दुसऱ्याचा अवमान न करता स्पष्टपणे मांडण्याचा भाव आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. ‘ठाम’ हा जवळचा, पण तो मतांना लावतात, वर्तनाला क्वचित. आणि या रिकाम्या जागेभोवती किती शब्द गर्दी करून उभे आहेत : धाक, वचक, जरब, दरारा, दहशत. अधिकाराच्या छटा सांगणारे इतके शब्द, आणि प्रत्येकाच्या मुळाशी भीती. त्यामुळे शिकवणाऱ्याने ‘ठाम राहा’ म्हटले की मराठी कानाला ‘धाकात ठेवा’ ऐकू येते. येथे आमच्या अध्यापक वाचकांनी अस्वस्थ व्हावे अशी आमची इच्छा आहे. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली. तरी ‘आमच्या मास्तरांचा धाक होता म्हणून आम्ही घडलो’ हे वाक्य प्रत्येक माजी विद्यार्थी मेळाव्यात ऐकू येते. तेच वाक्य आता कुत्र्याच्या वतीने त्याचा मालक बोलतो.

धाकाने कुत्रा गप्प होतो, यात शंका नाही. आदिपर्वात एकलव्यावर भुंकणाऱ्या पांडवांच्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी बंद झाले. सारे त्या धनुर्विद्येवर थक्क झाले. आपणही वर्गात शिकवताना धनुर्धराच्या कौशल्यावर आणि पुढच्या अंगठ्यावर बोलतो. ज्याच्या तोंडात सात बाण आहेत त्या प्राण्याविषयी कोणी बोलत नाही. गप्प झालेला कुत्रा आणि शांत झालेला कुत्रा पाहणाऱ्याला सारखेच दिसतात; शेपटी पोटाशी, कान मागे, नजर चुकवलेली, हे पाहण्याची दृष्टी नसेल तर दोहोंतला फरक कळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कुत्र्याला मारले किंवा लाथाडले तेव्हा तो उलटला, असे ते करून पाहिलेल्या 43 टक्के मालकांनी सांगितले. उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होते. पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या अमेरिकी संघटनेने तर 2008 मध्येच वर्चस्वाच्या कल्पनेवर आधारलेल्या शिक्षणाविरुद्ध निवेदन काढले होते.

याच आदिपर्वाच्या आरंभी आणखी एक कुत्रा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचा मुलगा तेथे येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. हविर्द्रव्याकडे मी पाहिले नाही, ते चाटले नाही, असे सांगतो. सरमा सत्रात येऊन एवढेच विचारते की याने अपराध काय केला. तिला कोणी उत्तर देत नाही. मग ती शाप देते : निरपराध्याला मारलेत, तुम्हाला अदृष्ट भय प्राप्त होईल. या कथेकडे आपण महाभारताची प्रस्तावना म्हणून पाहतो आणि पुढे जातो. पण शिक्षेच्या शास्त्रातली सारी मेख तिच्यात आहे. कशाबद्दल मार पडला हे मार खाणाऱ्याला कळले नाही तर त्याच्यापाशी उरते ती केवळ भीती, आणि कधी कोठून येईल हे न कळणारी भीती मारणाऱ्याच्या घरात परत येते. सायंकाळी परतलेल्या मालकाने दुपारी कुरतडलेल्या सोफ्याबद्दल कुत्र्याला मारले, तर कुत्र्याच्या लेखी तो सोफ्याचा दंड नसतो. मालक घरी आल्याचा असतो.

दुसऱ्या पक्षाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. कुत्र्याला ‘बाळ’ म्हणणारे, त्याला पंगतीला बसवणारे आणि कोणत्याही बंधनाला क्रौर्य मानणारे मालक नामदेवांची कथा सांगतात : कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ती कथा सर्वांभूती विठ्ठल पाहणाऱ्या भक्ताची आहे. श्वानशिक्षणाचा तो धडा नव्हे. जिन्यात शेजारच्या मुलाच्या अंगावर झेपावणाऱ्या कुत्र्याला आवरणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि ते मायेच्या नावाखाली टाळता येत नाही.

पण आवरणे म्हणजे धाक नव्हे, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर पुण्यात शिवाजीनगरच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला तेव्हा त्याला शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याचे शिक्षण कठोर असते, नियमित असते, पण त्याचा गाभा खेळ आणि बक्षीस हाच असतो. कारण वास सापडला हे कुत्र्याने आपण होऊन सांगावे लागते. भ्यालेला कुत्रा काही सांगत नाही, तो फक्त चुकायचे टाळतो. ज्याच्या नाकावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत त्याला धाकात ठेवून चालत नाही, हे शिस्तीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या खात्याला कळलेले आहे.

बदलापूर-अंबरनाथकडे घरी येऊन कुत्रा शिकवणारे शिक्षक आता सहज मिळतात. त्यांना मालक प्रथम फी विचारतात, मग किती दिवसांत होईल ते. आम्ही सुचवू की सरमेचा प्रश्न विचारावा : कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता, आणि आपण काय चुकलो हे त्याला कळले, हे तुम्ही कशावरून ओळखता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांकडे तयार असते. दुसऱ्यावर जो जरा थांबून विचार करील, त्याच्या हाती पट्टा द्यायला हरकत नाही.