लिहिलंय म्हणून खरं? ‘स्नॅच’मधील दरोडा आणि आपला प्रश्न

गाय रिचीचा ‘स्नॅच’ (२०००) आपल्यातील अनेक तरुण हाणामारी आणि विनोदासाठी पाहतात. आम्हाला त्यातील सुरुवातीच्या दरोड्याबद्दल बोलायचं आहे.

बेल्जियममधील अँटवर्प हे हिऱ्यांच्या व्यापाराचं शहर. सनातनी ज्यू समाज या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्यासारखे काळे कोट, टोप्या आणि खोट्या दाढ्या चढवून काही माणसं एका हिरे व्यापाऱ्याच्या इमारतीत शिरतात. जागोजागी कॅमेरे आहेत, पण धार्मिक वेश पाहून कुणाला संशय येत नाही. चालता चालता चर्चा रंगते ती बायबलवर! फ्रँकी सांगतो, हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये नेताना ‘तरुण स्त्री’ची ‘कुमारिका’ झाली आणि त्यावर कुमारी मातेची श्रद्धा उभी राहिली. लिहिलेलं आहे एवढ्याने ते खरं ठरत नाही, हा त्याचा मुद्दा. मग बंदुका निघतात आणि ८६ कॅरेटचा हिरा लुटला जातो.

हा शब्दांचा वाद दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेला नाही. यशयाच्या ग्रंथातील ‘अल्मा’ आणि ग्रीक भाषांतरातील ‘पार्थेनोस’ यांवर अभ्यासकांनी भरपूर लिहिलं आहे.

पण इथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. त्याच संवादात पुढे सूर असा लागतो की खरं-खोटं महत्त्वाचं नाही, लोकांना विश्वास ठेवायला आवडतं. आमचा मतभेद नेमका इथे आहे. ग्रंथाने ज्याचं काही हिरावलं नाही, त्याला अशी बेफिकिरी परवडते. ज्यांचं पाणी आणि शिक्षण ग्रंथाच्या आधाराने नाकारलं गेलं, त्यांना खरं-खोटं ठरवावंच लागतं. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातील धर्मग्रंथांवरची टीका पचली नाही. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, भाषण मात्र त्यांनी स्वतः छापलं.

फ्रँकीची शंका म्हणजे दार उघडेपर्यंतच्या गप्पा. बाबासाहेबांची शंका म्हणजे आंदोलन.

आता एक प्रश्न स्वतःलाही विचारूया. बाबासाहेबांच्या नावाने मोबाईलवर आलेलं वाक्य आपण मूळ खंडात शोधतो का? की निळा रंग आणि त्यांचा फोटो पाहूनच पुढे पाठवतो? वेश पाहून दार उघडणाऱ्यांत आपण नसावं.

जय भीम!