घाणा पाहायला गेलो, कायदा पाहून आलो



ऑक्टोबरात भाचीकडे इंग्लंडात ब्रिस्टॉलला गेलो होतो. एका रविवारी ती म्हणाली, "मामा, चला, सॉमरसेटची खेडी दाखवते. तिथले शेतकरी जुन्या पद्धतीने सायडर काढतात." सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस.

तिथे 'किंग्स्टन ब्लॅक' जातीचे एक सफरचंद उचलून चावले. बिब्बा लागल्यासारखे तोंड आवळले! कडू, तुरट, आंबट. बाजारात हे फळ कोणी फुकट घेणार नाही. पण तोच तुरटपणा सायडरला लागतो. झाडाखाली मेंढ्या चरतात, पडलेली फळे गोळा होतात, यंत्रात ठेचली जातात. त्या चोथ्याचे आणि पेंढ्याचे थरावर थर रचून वरून स्क्रूने दाबतात. आपले गुऱ्हाळच समजा, फक्त चुलाण नाही. रस लाकडी पिंपात जातो, हिवाळाभर आपोआप आंबतो. चोथा जनावरांना. माल दारातच विकला जातो.

बसने आलेली शहरी मंडळी फोटो काढत होती. "किती सुंदर परंपरा!" म्हणत होती. इंडिया तिकडचा असो की इकडचा, त्याला खेडे सहलीपुरतेच सुंदर दिसते. मी मात्र मालकाला एकच प्रश्न विचारला, "सरकारला कर किती भरता?"

तो म्हणाला, "काही नाही."

कारण असे. १९७६ साली तिथे सायडरवर पुन्हा कर बसला, तेव्हाच वर्षाला ७,००० लिटरच्या आत विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सूट मिळाली. ७,००० लिटर म्हणजे साधारण १०-१२ टन सफरचंदांचा रस. विक्रीचे नियम आहेत, स्वच्छतेचे नियम आहेत. पण हद्दीच्या आत उत्पादन शुल्क नाही. २०१५ साली युरोपीय आयोगाने ही सूट काढा म्हणून ब्रिटनला बजावले. छोटे उत्पादक आणि त्यांचे गिऱ्हाईक दोघेही उठले. सूट टिकली.

ही दयाबुद्धी नव्हे. तिथल्या सरकारने एकदा हात भाजून घेतला आहे. १७६३ साली सात वर्षांच्या युद्धाचे कर्ज फेडायला सायडरच्या पिंपावर ४ शिलिंग कर लावला आणि वसुली अधिकाऱ्याला उत्पादकाच्या घरात शिरून झडती घेण्याचा अधिकार दिला. सायडरचे जिल्हे पेटले. 'माझ्या घरात, माझ्या पिंपात डोकावणारा तू कोण?' हा सवाल पार्लमेंटपर्यंत गेला. तीन वर्षांत, १७६६ साली, कायदा मागे घ्यावा लागला.

आता आपल्याकडे या. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदी योजनेने कापूस उत्पादकाला जखडून ठेवले. घरचा कापूस, घरची बैलगाडी, पण मनाला येईल त्याला विकला तर गुन्हा! मोहाचे फूल झाडावरून आपोआप गळते. ते वेचून घरात ठेवणाऱ्या आदिवासीवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची टांगती तलवार. ती बंधने सैल व्हायला २०२१ साल उजाडले. आणि ज्वारी? काढणीच्या वेळी पाऊस आला की कणीस काळे पडते, व्यापारी तोंड फिरवतो. २००७ साली सरकारला या ज्वारीचा कळवळा आला. धोरण आले धान्यापासून मद्यार्क काढण्याचे. अनुदान कोणाला? कारखान्याला. शेतकऱ्याने ज्वारी पोत्यात भरून फाटकावर उभे राहायचे आणि मिळेल तो भाव घ्यायचा.

म्हणजे शेतकऱ्याने केले की गुन्हा, कारखान्याने केले की उद्योग!

मायबहिणी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, "भाऊ, तुम्ही दारूची वकिली करता काय?" नाही. दारूने मोडलेले संसार मी गावोगाव पाहिले आहेत. दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईच्या मागे मी उभा आहे. सायडरचे पापही सांगतो. तिथले जमीनदार शेतमजुराची मजुरी सायडरमध्ये चुकती करत. घरी पोरे उपाशी आणि बाप झिंगलेला. १८८७ च्या कायद्याने अशी मजुरी बंद झाली. योग्यच झाले. पण तो कायदा शेतकऱ्याचा घाणा मोडायला गेला नाही. लूट थांबवणे वेगळे, शेतकऱ्याचे हात बांधणे वेगळे. मुद्दा पिण्याचा नाही. मुद्दा आहे घरच्या मालावर घरी प्रक्रिया करण्याचा.

तिथे सगळे आलबेल आहे असेही नाही. फक्त ३५ टक्के रस घातला तरी तिथला कायदा त्याला सायडर म्हणू देतो. मोठ्या कारखान्यांना आणखी काय हवे? कारखान्याशी करार करून नुसती सफरचंदे विकणाऱ्याचे तिथेही आपल्यासारखेच हाल. मागणी घटली, करार संपला, बाग उपटा. टिकला तो, ज्याच्याकडे स्वतःचा घाणा आणि स्वतःचे गिऱ्हाईक होते.

मी शेतकी पदवीधर. चार वर्षे कॉलेजात एकरी उतारा कसा वाढवायचा ते घोकले. काळ्या ज्वारीचे शेतकऱ्याने घरी काय करावे, यावर एक तास झाला नाही. ब्रिस्टॉलजवळ लाँग ॲश्टन येथे १९०३ साली संशोधन केंद्र निघाले ते फळे आणि सायडर यांच्याच नावाने. कोणती जात, कसा रस, कसा आंबतो, यावर शास्त्रज्ञ बसले. पुढे २००३ साली ते बंद झाले, पण पाऊणशे-शंभर वर्षांचे शास्त्र पिंपापर्यंत पोचले होते. आपल्याकडे शास्त्र बांधावर येते आणि तिथूनच परत जाते. रुई, सरकी, पीठ, रवा, लाह्या, तेल यातला पैसा बांधाच्या पलीकडे आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडावा असे सुचवतो. कापूस, ज्वारी, तूर, घरच्या कोणत्याही मालावर गावात छोटी प्रक्रिया करणाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत कर नको, परवाना नको, इन्स्पेक्टर नको. मर्यादा सरकारने खुशाल घालावी. मर्यादेच्या आत मात्र पाय ठेवू नये.

आता आपल्याकडेही कृषी पर्यटनाचे धोरण आहे. शहरातले पाहुणे हुरडा खायला येतील, बैलगाडीत बसून फोटो काढतील. येऊ द्या, पाहुण्याला पाणी द्यावे ही आपली रीत आहे. पण आपली शेती म्हणजे कोणाच्या रविवारची करमणूक नव्हे. हुरडा खाऊन पाहुणा निघाला की त्याच्या हातात आपल्या घरची, आपल्या भावाची चार पाकिटे असली पाहिजेत. नाहीतर सहल त्याची आणि भाकरी चटणीविना आपली!