ड्रोन उडवा, पण विमानाची वाट सोडून



मागे आम्ही काही सभासदांना घेऊन मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बघायला गेलो होतो. बेण्याचे प्लॉट बघून झाले, जेवणं उरकली, आणि एका सभासदाच्या चिरंजीवांनी पिशवीतून ड्रोन काढला. "साहेब, वरून सगळ्यांचा फोटो घेतो." आम्ही म्हटलं, थांब बाबा, लोहगावचा विमानतळ इथून लांब नाही, शिवाय तो हवाई दलाचा तळ आहे. पोरगं हिरमुसलं. वडील म्हणाले, "एवढ्याशा खेळण्यानं विमानाला काय होतंय?"

गडबडीत उत्तर द्यायचे राहिले, ते इथे देतो.

उतरणारे विमान धावपट्टीपासून ३ कि.मी.वर असते तेव्हा जमिनीपासून जेमतेम १५० मीटर उंच असते. हौसेचा ड्रोन तेवढा सहज चढतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला मोठा वणवा पेटला होता. पाणी उचलून आगीवर टाकणारे विमान कामावर होते. एका हौशी माणसाने नुकसान बघायला ड्रोन सोडला. तो त्याच्या नजरेआड गेला आणि विमानाच्या पंखाला भोक पाडून बसला. विमान सुखरूप उतरले, पण आग चालू असतानाच दुरुस्तीला लावावे लागले. फड पेटलेला असताना पाण्याच्या टँकरला कुणी गाडी आडवी लावावी, तसलाच हा प्रकार. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर तर डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या नुसत्या खबरीने सुमारे १,००० विमानांचा खोळंबा झाला.

आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी नकाशावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे केले. हिरव्यात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ कि.मी.च्या टापूत ही सूट ६० मीटरच. पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रणाची आणि तांबड्यात केंद्र सरकारची परवानगी पाहिजे. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत. घरी असताना हे आठवायची वेळ येत नाही, चूक होते ती परगावी. शिर्डीच्या वाटेवर काकडीचा विमानतळ आहे, गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे. म्हणून पिशवीत ड्रोन भरण्याआधी नकाशा बघावा. विमानाने जाणार असाल तर त्याच्या सुट्या बॅटऱ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. आणि उडवताना ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नये.

काही जण म्हणतात, हे खूळच बंद करा. आम्हाला ते पटत नाही. उंच वाढलेल्या उसात माणूस शिरत नाही, तिथे फवारणीला ड्रोनच कामाचा. पण चार हौशी पोरांनी घोळ घातला तर जाच वाढेल तो सगळ्यांना, त्यात आपला फवारणीचा ड्रोनही आला. मोकळीक मिळाली आहे ती आपल्या वागण्यावरच टिकणार.

त्याच मुलाने पुढे नकाशा बघून घरच्या खोडव्यावर ड्रोन फिरवला आणि कुठे कुठे नांग्या पडल्यात ते वडिलांना दाखवले. आठवड्यात नांग्या भरून झाल्या. हौस असावी तर अशी.

— ऊस विकास अधिकारी