आधी नकाशा, मग उपचार

मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाचे वर्णन थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये केले. प्रत्यक्षात अनेकांमध्ये ते पाठ्यपुस्तकातल्यासारखे पूर्ण नसते: कुठे जोडधमनी बारीक, कुठे मुळीच नाही, तर क्वचित दोन अग्रधमन्यांच्या जागी एकच. अशा धमनीला फुगा आला, की 'क्लिप की कॉइल', म्हणजे शस्त्रक्रियेने फुग्याला चिमटा लावायचा की रक्तवाहिनीतून जाऊन त्यात तार भरायची, या प्रश्नाला सरसकट उत्तर चालत नाही. या दोन उपचारांची तुलना करणाऱ्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसॅट' चाचणीत २,१४३ रुग्ण होते. त्यांतल्या कॉइल बसवलेल्यांची वर्षभरानंतरची स्थिती सरस ठरली, हे खरे. पण चाचणीत घेतले होते ते दोन्ही उपचार शक्य वाटणारेच रुग्ण. जिथे पर्यायी रक्तपुरवठाच नाही, तिथे एक धमनी बंद पडणे म्हणजे पक्षाघाताला निमंत्रण.

फुगा फुटल्यावर पहिल्या चोवीस तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका मोठा. मग तपासण्यांत वेळ का दवडायचा, असा आक्षेप घेतला जातो. मात्र सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत होते आणि घाईतल्या चुकीची भरपाई होत नाही. म्हणून न्यूरोसर्जन आणि एंडोव्हॅस्क्युलर तज्ज्ञ यांनी एकत्र बसून, त्या रुग्णाच्या धमन्या पाहूनच उपचार ठरवावा. नातेवाइकांनीही उपचाराचे नाव विचारण्याआधी, ही रचना दोघांनी पाहिली आहे का, एवढे जरूर विचारावे.