फलाहार, फराळ आणि रोग्याचा गुन्हा

दादर स्टेशनबाहेरच्या पदपथावर काय किंवा गिरगावातल्या पुस्तकांच्या दुकानात काय, आरोग्यविषयक पुस्तकांना कवितेपेक्षा अधिक जागा मिळते, याची तक्रार करण्यात अर्थ नाही. त्या पुस्तकांतली एक शाखा मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचावी, असे आम्हांस वाटते. चूल विझवा, कच्ची फळे खा, निसर्गाकडे परत चला, म्हणजे मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे काही आपोआप निवळेल, असे सांगणाऱ्या या पुस्तिका आहेत. आता तोच मजकूर मोबाइलवरूनही फिरतो. त्यातल्या आहारशास्त्राचा निवाडा डॉक्टर करोत. आमचा आक्षेप त्याच्या भाषेवर आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. फळे आणि पालेभाज्या वाढवल्या आणि तळण कमी केले, तर बहुतेक मुंबईकरांचे भलेच होईल. पथ्य सांगणाऱ्याशी आमचे भांडण नाही. पथ्याचा धर्म झाला, की भांडण सुरू होते.

या धर्माचा बीजमंत्र ‘नैसर्गिक’ हा शब्द. तो कोठेही स्पष्ट केला जात नाही आणि त्यातच त्याची ताकद आहे. आपल्या बाजारातले केळे बिनबियांचे आहे, ते माणसाने निवडून वाढवले म्हणून. हापूस कलमाने टिकतो, आणि त्याचे नावही आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज अधिकाऱ्यावरून आल्याचे मानतात. निसर्गाचा म्हणून जो घास पुढे केला जातो, तो बागाईतदाराच्या हातचा आहे. त्यात वाईट काहीच नाही. फक्त ‘चूल कृत्रिम आणि कलम नैसर्गिक’ हा भेद कोणत्या न्यायाने केला, हे कोणीतरी सांगावे.

मराठीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या शब्दाचेच झिजलेले रूप. ज्या शब्दाने कधी काळी व्रतस्थाची फळे दाखवली, तो आज दिवाळीच्या चकलीला आणि चिवड्याला चिकटला आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण त्याच प्रवासातली. दादरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वड्यासाठी जी गर्दी होते, तीही याच शब्दाची वारस. शुद्धिवादी याला अधःपात म्हणतील. आम्हांस यात समाजाचे शहाणपण दिसते. आणि साबुदाण्याची मौज अशी, की तो ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि कच्चा खाल्ला तर सायनाइडची बाधा करणारा. किसणे, धुणे, वाळवणे, शिजवणे या मानवी खटाटोपाने तो अन्न बनला. उपासाच्या ताटातला सर्वांत सोवळा पदार्थ हा असा संस्काराने शुद्ध झालेला आहे.

या पुस्तिकांत साक्षीला हमखास बोलावले जातात ते गांधीजी. ही साक्ष पूर्ण वाचली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दीर्घकाळ फळांवर आणि शेंगदाण्यांवर काढला, हे खरे. पण १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीच्या धावपळीनंतर आमांशाने ते मरणाच्या दारात गेले. दूध न घेण्याचे व्रत असल्याने प्रकृती सावरेना. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली, दुधाशिवाय अंगात बळ येणार नाही असे बजावले, आणि कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखवली. आत्मचरित्रात त्यांनी या पळवाटेचे समर्थन केलेले नाही. व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, असा कबुलीजबाब त्यांनी स्वतःविरुद्ध नोंदवला आहे. पुढे जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्यावर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. आणि १९२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी अग्निस्पर्श नसलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभला: मोड आलेले गहू, बदामाचा लगदा, हिरवा पाला, लिंबे, मध. वजने तोळ्यांत मोजून ‘यंग इंडिया’त छापली. ऑगस्टपर्यंत पुन्हा आमांश झाला आणि प्रयोग थांबला. तेही त्यांनी छापले.

आम्ही गांधीजींना निर्दोष ठरवीत नाही. रोग हा आपल्याच चुकीचा, किंबहुना पापाचा दंड आहे आणि इस्पितळे ते पाप वाढवतात, हा विचार १९०९ च्या ‘हिंद स्वराज्या’त आहेच, आणि तो आम्हांस घातक वाटतो. पण तो दंड त्यांनी मुख्यतः स्वतःवर लादला आणि आपले अपयश तारीखवार लोकांपुढे ठेवले. त्यांचे नाव घेणाऱ्या पुस्तिकांतून नेमके हेच गळले. त्यांत अपयशाचे पान नसते. गुण आला तर श्रेय निसर्गाचे. त्रास वाढला तर ‘शरीर विष बाहेर टाकते आहे’. रोगी दगावला तर त्याने पथ्य मोडले असणार. कादंबरीत असा कधीच न चुकणारा निवेदक भेटला, तर प्रथम वर्षाचा विद्यार्थीही त्याच्याविषयी शंका घेईल. आरोग्याच्या पुस्तकात तो भेटला, की आपण वही काढून पथ्ये उतरवून घेतो.

गांधीजींनी त्याच प्रयोगाच्या संदर्भात मांडलेला एक मुद्दा मात्र विचारार्ह आहे: न रांधलेले अन्न रुचले, तर बायका चुलीच्या जाचातून सुटतील. जाच खरा होता आणि आहे. पण बदाम वाटणे, गहू भिजवून मोड आणणे, पाला निवडणे हे काम कोणाच्या वाट्याला येते? आणि याच शहरातल्या गिरणगावात, परळ-लालबागच्या चाळींत, एकट्या कामगारांच्या खानावळी चालवून बायकांनी संसार ओढले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्या राबणाऱ्या हातांना संघटना दिली. १९८२ च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हाही घराघरांत चूल पेटती ठेवण्याचीच चिंता होती. त्या वस्तीला चूल म्हणजे विकृती असे सांगणे हा अपमान आहे. शिवाय बदाम आणि मध यांचा भाव भाकरीच्या भावाहून निराळा असतो, ही क्षुद्र बाबही नोंदवून ठेवतो.

आता परळकडे वळू. १९४१ पासून तेथे टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. देशभरातून रोगी येतात. नातेवाईक पदपथावर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, जेथे जागा मिळेल तेथे राहतात. त्या गर्दीच्या हातांतही ही पुस्तिका पोहोचते, आणि तेथे तिची भाषा निरुपद्रवी राहत नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगांत रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला, असे अमेरिकेतल्या रुग्णनोंदींवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात आहे. सुझन सोंटाग यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते, की रोगाला रूपक केले की रोग्यावर दोष येतो. आपल्या अभ्यासक्रमांत सोंटागचे नाव येते, परीक्षेत टीपही विचारली जाते. घरातल्या कपाटातल्या पुस्तिकेला मात्र ती टीप कोणी लावून पाहत नाही.

आम्ही हे लिहिण्यास एक निमित्त झाले. लालबागला राहणाऱ्या, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या एका निवृत्त बाईंना स्तनात गाठ आढळली. कोणा हितचिंतकाने पुस्तिका दिली. बाईंनी आठ महिने फळांवर आणि रसांवर काढले. वजन उतरले, ते शुद्धीचे लक्षण मानले. डॉक्टरकडे गेल्या तेव्हा आजार पसरला होता. आमच्यापैकी दोघे त्यांना भेटण्यास गेलो. पुस्तिकेवर त्या रागावल्या असतील अशी आमची अपेक्षा होती. उशाशी ती होतीच, पेन्सिलीने खुणा केलेली. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासाव्यात तशा. बराच वेळ जुन्या वर्गांच्या गोष्टी झाल्या. निघताना बाईंनी हात धरला आणि हलक्या आवाजात विचारले, “दिवाळीत दोन चकल्या खाल्ल्या होत्या हो मी. त्यानेच बिघडलं असेल का?”