हातपाय गळाले? ग्लुकोजच्या बाटलीआधी पोटॅशियम तपासा

रात्री भरपेट भात खाऊन झोपलेल्या तरुणाचे सकाळी पायच उचलत नाहीत. ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा,’ असे आपण सहज म्हणतो. कधी कधी हीच घाई अंगाशी येते. कशी, ते पाहू.

स्नायूपेशीच्या पटलावर सोडियम पंप असतो. डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी तो १९५७ मध्ये उलगडला. १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा पंप दर फेरीला ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. दोन्ही धनभारित, म्हणजे एक धनभार जादा बाहेर जातो. पंपाने राखलेल्या या तफावतीमुळे विश्रांतीतील स्नायूपेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट राहतो.

ग्लुकोजमुळे इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन या पंपाचा वेग वाढवते. रक्तातले पोटॅशियम पेशींत ओढले जाते. निरोगी माणसाला ते पचते. पण ‘पिरिऑडिक पॅरालिसिस’च्या रुग्णात पोटॅशियम फार घसरते, पटलाचा विद्युत तोल बिघडतो आणि मेंदूचा आदेश पोहोचूनही स्नायू हलत नाही. हृदयाची लयही चुकू शकते. थायरॉइड वाढलेल्या काहींनाही असा झटका येतो.

म्हणून अचानक हातपाय लुळे पडले तर थेट रुग्णालय गाठा. साखर, पोटॅशियम आणि ईसीजी पाहिल्याशिवाय बाटलीचा हट्ट धरू नका. डॉक्टरांनीही तो पुरवू नये.