जठराचा कर्करोग : वारसा आणि संसर्ग



एखाद्या घरात जठराचा कर्करोग दोघा-तिघांना झाला की ‘ते त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणून विषय मिटवला जातो. ही समजूत अपुरी आहे आणि म्हणूनच घातकही आहे, कारण जन्मतः मिळालेली जनुके बदलता येत नसली, तरी त्याच जठरात राहणारा जिवाणू नाहीसा करता येतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जिवाणू बहुधा बालपणीच शरीरात शिरतो, युरिएज या विकराच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार करून भोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो आणि जठराच्या अस्तरावर वर्षानुवर्षे तळ ठोकतो. पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला, तेव्हापासून जठरव्रणाचा दोष केवळ तिखटावर आणि मानसिक ताणावर टाकणे अशक्य झाले. १९९४ मध्ये तर त्याची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांत झाली.

तरीही संसर्ग झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, आणि आनुवंशिकतेचा प्रश्न येतो तो येथे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासानुसार, तुटलेला डीएनए अचूक सांधणाऱ्या जनुकांत (स्तनाच्या कर्करोगामुळे परिचित झालेली बीआरसीए जनुके त्यांतलीच) जन्मजात दोष आणि जोडीला हा संसर्ग असेल, तर वयाच्या ८५व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याचा धोका ४५.५ टक्के होता, तर संसर्ग असूनही असा दोष नसलेल्यांत तो १४.४ टक्के होता. जिवाणू पेशींतील डीएनए तोडण्यास कारण होतो आणि दुरुस्तीची यंत्रणा जन्मतःच दुबळी असते, हे लक्षात घेतल्यास या वाढीची संगती लागते. भारतात हा कर्करोग जपानपेक्षा कमी आढळतो, मिझोरमसारखा अपवाद सोडला तर; त्यामुळे हे आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण जनुकीय दोष आणि संसर्ग एकमेकांचे बळ वाढवतात हे तत्त्व त्यामुळे रद्द होत नाही. सीडीएच-१ या जनुकातील दोष मात्र वेगळा मानावा लागतो, कारण तेथे संसर्गाविनाही धोका मोठा असतो आणि जठर काढून टाकण्याचाही सल्ला दिला जातो.

म्हणून ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा कर्करोग झाला आहे, त्यांना महागड्या जनुकीय चाचणीची वाट पाहत न ठेवता श्वासाची किंवा शौचाची साधी चाचणी डॉक्टरांनी आपणहून सुचवली पाहिजे आणि सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळाली पाहिजे. आज होते ते उलटेच : पोटात जळजळ झाली की औषधाच्या दुकानातून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणून महिनोन्महिने घेतल्या जातात, त्यांनी त्रास दबतो पण जिवाणू राहतो, इतकेच नव्हे तर त्या चालू असताना चाचणीही फसवी निघू शकते, म्हणून वैद्यकीय सल्ल्याने त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. प्रतिजैविकांचा क्रम अर्धवट सोडणे तितकेच धोक्याचे आहे, आणि तो पूर्ण झाल्यावरही जिवाणू खरोखर गेला की नाही, हे किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून पाहणे आवश्यक आहे.

एक वाचक